आयडिया तुमची, मग नाव कुणाचं?

हिंजवडीचं आयटी पार्क सगळे पुण्यात धरतात, पण गाव मुळशी तालुक्यातलं. तिथले मित्र मला हमखास विचारतात, "आयडिया मी दिली, मग मला काय मिळणार?"

खरं सांगू? मालकी बहुतेक वेळा कंपनीचीच. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 नुसार कंपनीचा. नुसत्या कल्पनेला तर कॉपीराइट नसतोच. पेटंटचे हक्कही आपण जॉइनिंगच्या वेळी सही करून देऊन टाकतो. (ते कागद वाचतो कोण?)

नावाचं मात्र वेगळं आहे. पेटंट कंपनीचं असलं तरी शोधक म्हणून तुमचं नाव लागू शकतं. राहिलं असेल तर पेटंट कायदा 1970 च्या कलम 28 खाली मागा, पण पेटंट मंजूर होण्याआधी.

आणि पैसे? जर्मनीत अशा शोधाचा मोबदला कायद्यानेच द्यावा लागतो. आपल्या पेटंट कायद्यात तशी सोय नाही, त्यामुळे कंपनीची बक्षीस पॉलिसी एचआरकडून मागून घ्या. आपल्या मोबाइलचा फ्लॅश ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाला, त्यावर काम करणाऱ्या शुजी नाकामुरांना जपानी कंपनीने आधी 20,000 येन दिले होते. ते कोर्टात गेले, आणि 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनवर तडजोड झाली!

आयडिया मीटिंगमध्ये बोललात, की त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवरून दोन ओळी पाठवा. तारीख आपोआप पडते. स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर मात्र नको, गोपनीयतेच्या करारात उगाच अडकाल.