मुलांच्या हातीं तलवार

दोन काठ्या हातीं लागल्या कीं अंगणाचें रणांगण होण्यास वेळ लागत नाहीं, आणि तितक्याच त्वरेनें माजघरांतून हांक येते, "अरे, डोळा जाईल कोणाचा तरी!" ही भीति खोटी नव्हे. परंतु काठी हिसकावून घेतल्यानें मुलाची हौस मरत नाहीं. ती परसांत जाऊन लपते. चोरून खेळलेल्या खेळापेक्षां शिकवून खेळविलेला खेळ केव्हांही बरा.

तलवारबाजी १८९६ सालच्या अथेन्स येथील ऑलिंपिकपासून त्या सामन्यांत चालत आलेली आहे. फॉइल, एपे व सेबर हीं तिचीं तीन शस्त्रें. पैकीं फॉइलमध्यें केवळ टोकानें आणि केवळ धडावर केलेला स्पर्श धरला जातो. प्रौढांची फॉइल ११० सेंटिमीटरपर्यंत लांब असते. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या जवळजवळ उंचीएवढी! म्हणून लहानांसाठीं आंखूड पात्याचीं किंवा मऊ प्लॅस्टिकचीं शस्त्रें असतात. तथापि पहिला धडा रिकाम्या हातांनींच द्यावयाचा असतो.

त्याचा एक प्रकार असा. शिक्षकानें हात लांब करून रुमाल धरावा व कांहीं न सांगतां सोडून द्यावा. समोरच्या मुलानें तो भुईवर पडण्यापूर्वीं झेलावा. खांद्याच्या उंचीवरून सुटलेली वस्तु सुमारें अर्ध्या सेकंदांत जमिनीवर येते. (रुमाल हलका असल्यानें हवेंत किंचित् रेंगाळतो, हें नवशिक्याच्या सोयीचेंच.) आधीं हात पुढें जावा व मागाहून पाऊल पडावें, हाच तलवारबाजीतील झेपेचा मुख्य नियम; तो येथें न सांगतां अंगवळणीं पडतो.

दुसऱ्या खेळांत हातभर लांबीची जाड काठी दोन मुलांनीं आपापल्या तळहातांच्या मध्यें आडवी दाबून धरावी. एकानें मागें-पुढें चालावें, दुसऱ्यानें काठी पडूं न देतां त्याप्रमाणें सरावें. यानें अंतराचा अंदाज येतो; आणि अंतर राखणें हा या विद्येचा प्राण आहे. हुलकावणी देण्याची कला तर आपल्या आट्यापाट्यांत पूर्वापार आहेच. पाटी धरणाऱ्यास एका बाजूस झुकवून दुसऱ्या बाजूनें निसटणारें मूल अर्धी तलवारबाजी शिकलेलेंच असतें.

शस्त्र हातीं आलें म्हणजे मात्र मुखवट्यावांचून एकही वार होतां कामा नये, मग तें शस्त्र कितीही मऊ असो. १९८२ सालीं रोम येथील जागतिक स्पर्धेंत प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडलें व तें ऑलिंपिकविजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मुखवट्यांतून आरपार गेलें. त्यांतच त्याचा अंत झाला. त्यानंतर मुखवटे, पोशाख व पातीं यांविषयींचे नियम कडक झाले. माजघरांतील हांक किती यथार्थ आहे, हें यावरून दिसून येईल.

साधनें थोडीं असलीं म्हणून मात्र अडत नाहीं. चेन्नईच्या भवानी देवी हिनें २००४ सालीं शाळेंत या खेळास आरंभ केला, तेव्हां सराव बांबूच्या काठ्यांनीं होत असे. २०२१ सालीं भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें खेळणारी ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली.

स्पर्श नोंदणारीं विजेचीं यंत्रें येण्यापूर्वीं, वार लागला हें ज्याला लागला त्यानेंच मोकळेपणें कबूल करावें, अशी या खेळांत रीत होती. मुलांच्या खेळांत ती अवश्य ठेवावी. "लागला" असें आपण होऊन म्हणणारें आणि तें ऐकतांच हात आवरणारें मूल तयार झालें, तर पुढें तें पदक मिळवो वा न मिळवो, त्याच्या हातीं काठी देण्यास आईनें भिण्याचें कारण उरणार नाहीं.