विवंचनेतील विश्वास

ज्याच्या पदरी पैसा नाही त्याने परोपकाराच्या गोष्टी बोलू नयेत, असे व्यवहारी लोक म्हणतात. तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर असलेल्या आमच्या कित्येक पालकांस हे म्हणणे खरे वाटत असेल. काम थांबले की घरभाडे थकते, वाण्याची उधारी वाढते, आणि मुलांच्या फीची चिंता समोर उभी राहते. अशा वेळी देवावर भरवसा ठेवून वस्तीतील अधिक गरिबांची सेवा करा, हा उपदेश कोरडा वाटल्यास नवल नाही. म्हणून हा भरवसा व्यवहारात कसा चालतो, हे आम्ही महाराष्ट्रातीलच एका उदाहरणावरून सांगतो.

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली झाला. दुष्काळाची ओळख त्यांस पुस्तकांतून झाली नव्हती. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईबाप गेले होते. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. त्याच्या खर्चाची हमी अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरती घेतली होती. ती मुदत संपत आली असतानाच १८९६ साली मध्यप्रांतात घोर दुष्काळ पडला. आता नवा भार घेऊ नये, असेच हिशेबाने सांगितले असते. परंतु बाई स्वतः त्या प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांची सोय केडगाव येथील शेतावर करावी लागली. त्यातूनच १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी अनाथ आले, आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या मुखांस अन्न कोठून आले? ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर मनुष्यांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालवीत, हे बाईंस ठाऊक होते व तो मार्ग त्यांस पटला होता. पण केडगावची जमीन त्यांनी दुष्काळापूर्वीच घेऊन तेथे फळबाग लावली होती, हेही विसरू नये. तेथे विहिरी खणल्या गेल्या. मुली शेतीची कामे, विणकाम, स्वयंपाक व छापखान्याचे काम शिकल्या. प्रार्थनेच्या घरात आळसाला जागा नव्हती.

यावरून विश्वासाचे तीन भाग दिसतात. पहिला, आपल्यापाशी काय आहे ते प्रामाणिकपणे मोजणे. दुसरा, जे आहे ते राबविणे. तिसरा, जे उरते आणि आपल्या हाती नाही ते देवाकडे सोपवून, भीतीपायी दार बंद न करणे. सारफथच्या विधवेची कथा आमच्या विद्यार्थ्यांस माहीत आहे. तिचे पिठाचे मडके काठोकाठ भरले नाही. ते रिते झाले नाही, इतकेच. देवाचा पुरवठा पुष्कळदा असाच दिवसापुरता असतो.

तेव्हा कर्ज काढून दानधर्म करणे, किंवा घरच्या लेकरांस उपाशी ठेवणे, याला विश्वास म्हणता येणार नाही. अडचण लपविणे हाही विश्वास नव्हे; फी थकली असल्यास शिक्षकांस मोकळेपणी सांगावे.

शिवाय सेवेस नेहमी पैसाच लागतो असेही नाही. आपल्याच जिल्ह्यातील कोसबाड पाहा. तेथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ सालापासून आदिवासी मुलांत काम केले. मुले गुरे राखावयास जात म्हणून शाळाच कुरणात नेली, आणि आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंतून शिकविण्याचे साहित्य केले. त्यांचा मार्ग मुक्तीहून निराळा, तरी हाताशी असलेल्यापासून आरंभ करण्याचा धडा तोच.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या चाळीत परप्रांतातून आलेल्या मजुराचे एखादे मूल मराठी अक्षरांपाशी अडले असेल. त्यास रोज अर्धा तास शिकवा. कोणी आजारी असेल तर पाण्याची एक कळशी भरून द्या. आणि पालकहो, तंगीच्या दिवसांत आपली मुले असे काही करू लागली, तर त्यांस आवरू नका. ज्या घरात उद्याची भाकर मागण्यासाठी प्रार्थना होते, त्या घराने शेजाऱ्याचेही नाव त्या प्रार्थनेत घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.