ज्ञान इथलं, मग चाचणीचा संच बाहेरचा का?

मंडळी, आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घेऊ. तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. एकदाच एचपीव्ही चाचणी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला इथून कळलं. पण त्यात वापरलेला चाचणीसंच मात्र परदेशी होता!

असं का होतं? नुकतीच पीएचडी झालेल्या मुलीकडे कल्पना असते, पण ती प्रयोगशाळेबाहेर चालेल का, हे सिद्ध झालेलं नसतं. बँक तारण मागते. गुंतवणूकदार विचारतो, विक्री किती? आणि वस्तूच तयार नाही, तर विकणार काय?

नेमक्या याच टप्प्यासाठी केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे. १८ महिन्यांसाठी कमाल ५० लाख रुपये. हे कर्ज नव्हे. मात्र पैसा हप्त्यांनी येतो. ठरलेलं काम दाखवलं की पुढचा हप्ता. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अर्जदारांना मार्गदर्शन करतं.

एवढ्यात कारखाना उभा राहत नाही, हेही लक्षात घ्या. रुग्णांवरच्या चाचण्या, परवाने, उत्पादन यांना पुढे आणखी पैसा लागतो. म्हणून अर्जात कल्पनेचं कौतुक कमी करा. १८ महिन्यांत काय सिद्ध करणार, ते स्पष्ट लिहा.