खुंट आणि डोळा

सातपुड्याच्या पायथ्याशी, वऱ्हाडचा मुलूख संपून मध्य प्रदेशाची हद्द जवळ येते तिथे, वरूड तालुक्यात शेंदूरजनाघाट हा कसबा वसलेला असून त्याची कीर्ती संत्र्याच्या बागांइतकीच संत्र्याच्या कलमांवर उभी आहे. रोपवाटिकेला इकडे पन्हेरी म्हणतात. या पन्हेरीत प्रथम जंभेरीचे बी रुजवले जाते. जंभेरीचे फळ आंबट, हौसेने सोलून खावे असे त्यात काही नाही. परंतु तिची मुळे काटक, म्हणून ती कलमाचा खुंट होते. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद देऊन, त्यात निवडक नागपुरी संत्र्याच्या फांदीवरून अलगद काढलेला एक डोळा बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा जगला की जंभेरीचा शेंडा छाटला जातो. पुढे त्या झाडाला लागते ते संत्रेच, मात्र त्या फळापर्यंत पोहोचणारा रस अखेरपर्यंत जंभेरीच्या मुळांतून येत राहतो. म्हणूनच जाणता बागायतदार कलम घेताना केवळ पानांच्या टवटवीवर भाळत नाही. खुंट कोणता आणि डोळा कोणत्या झाडाचा, हे दोन प्रश्न तो आधी विचारतो.

नवे संगीत ऐकणाऱ्यानेही हेच दोन प्रश्न विचारावेत, हे या लेखाचे सांगणे आहे. आज पन्हेरीत डोळे बांधणाऱ्या तरुणाच्या खिशातला मोबाइल दिवसभर गात असतो, आणि त्यातून येणारे गाणे आता चित्रपटातलेच असते असे नाही. कोणा एकट्या मुलाने आपल्या खोलीत बसून रचलेले, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित केलेले आणि कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून लोकांपुढे ठेवलेले गाणे असते; कधी जुन्याच चालीवर नवा ठेका चढवलेले रिमिक्स असते; कधी गाण्याइतकीच कल्पकता ज्याच्या चित्रणात ओतली आहे असा व्हिडिओ असतो. पहिल्या प्रकाराला इंग्रजीतील ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा संक्षेप करून ‘इंडी’ म्हणतात. मराठीत त्याला स्वतंत्र संगीत म्हणणे यथार्थ होईल, कारण शब्द, चाल आणि त्यांवरील हक्क यांविषयीचा निर्णय तेथे कलावंताच्या स्वाधीन असतो.

नाव नवे असले तरी ही वहिवाट वऱ्हाडला परकी नाही. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी स्वतः गाऊन लोकप्रिय केली, आणि एकोणीसशे तिशीच्या प्रारंभी, मराठी बोलपट नुकताच जन्म घेत असताना, तिची ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजू लागली. ना तिच्या मागे चित्रपटाची कथा होती, ना नाटकाचा प्रवेश. एक कविता, एक चाल आणि एक आवाज एवढ्याच भांडवलावर मराठी भावगीताची वाट रुंद झाली. त्याच काळात अमरावती जिल्ह्यातील यावलीस जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजने गात होते. शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, वाद्यही त्यांच्याच हातातले. आणि श्रोता समोर बसलेला. स्वतंत्र संगीताची व्याख्या करू पाहणाऱ्याने दूर जाण्यापूर्वी त्यांच्या आश्रमापर्यंत, गुरुकुंज मोझरीपर्यंत, जाऊन यावे.

श्रोत्याची जिज्ञासाही तितकीच जुनी आहे. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. अभिजात संगीताविषयी त्यांना खरी तळमळ होती. परंतु त्या तळमळीपोटी आकाशवाणीवरून चित्रपटगीते मागे हटली, तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून थेट समुद्रापलीकडचे रेडिओ सिलोन शोधून काढले. त्याच वर्षी तेथून चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तिचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज खेड्यापाड्यांत ओळखीचा झाला. अखेर १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. दुसऱ्या बाजूस, पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रसृत झाले, आणि चित्रपटाबाहेरच्या गाण्यासाठीही लोक आपली कामे बाजूला ठेवतात हे त्या छपन्न गीतांनी सिद्ध केले. श्रोत्याला हवे ते गाणे तो हुडकतो, आणि उत्तम गाणे समोर आले तर ते कोणत्या दारातून आले हे तो पाहत नाही.

आज फरक पडला आहे तो साधनांत. पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी मुंबई गाठावी लागे, स्टुडिओचे भाडे भरावे लागे आणि कंपनीच्या अधिकाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. आता एक संगणक, एक बऱ्यापैकी मायक्रोफोन आणि शांत खोली एवढ्यावर काम भागते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि ऐकणारा व गाणारा यांच्यामधले अंतर जवळजवळ मिटले. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड या तरुणाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ साली देशभर वाजले, तेव्हा त्याच्या मागे चित्रपट नव्हता. आपल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावाने रॅप करतो. शंभराच्या आकड्याला हिंदीत ‘सौ’ म्हणावे आणि पुढची तीन इंग्रजी अक्षरे जोडून वाचावीत, म्हणजे ‘सौरभ’ हे नाव निघते. ‘एमटीव्ही हसल’ या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या मंचावर तो उभा राहिला, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलानेही आपले जगणे आपल्याच उच्चारांत सांगावे, याला एक जाहीर दाखला मिळाला.

आता रिमिक्सविषयी. जुन्या पिढीला हा शब्द ऐकताच विटंबना आठवते, आणि त्या आठवणीला कारणही आहे; परंतु या कलेचा उगम पाहिला तर तिच्याविषयी आदर वाटू लागतो. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात किंग टबी या नावाने ओळखला जाणारा एक विद्युत्-यंत्रांचा कारागीर होता. रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्त करता करता, १९७० च्या सुमारास, तो ध्वनिमुद्रित गाण्यांतून गायकाचा आवाज मधूनच काढून घेऊ लागला, ढोल आणि बास पुढे आणू लागला, एखाद्या शब्दाला प्रतिध्वनी देऊन तो दूरवर विरत जाऊ देऊ लागला. त्या प्रकाराला ‘डब’ म्हणतात. मिश्रणयंत्र हेही एक वाद्य आहे आणि ते चालवणारा हाही कलावंत आहे, हे त्याने जगाला शिकवले. पुढे न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन याने नर्तकांसाठी गाण्यांची लांबी वाढवून त्यांची पुनर्रचना केली, आणि रिमिक्सला स्वतंत्र प्रतिष्ठा आली. गणपतीच्या मिरवणुकीसाठी रात्र रात्र जागून ठेका जुळवणारा आपल्या तालुक्यातला पोरगा त्या किंग्स्टनच्या कारागिराचाच दूरचा वारस आहे, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

बिघडते ते खुंटाचे नाव पुसले जाते तेव्हा. १९७२ च्या ‘समाधी’ चित्रपटातील, मजरूह सुलतानपुरी यांनी लिहिलेले, राहुलदेव बर्मन यांनी बांधलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘काँटा लगा’ हे गाणे २००२ साली रिमिक्स होऊन आले आणि अमाप गाजले. पण ते नाचून ऐकणाऱ्या कित्येक मुलांना ही तीन नावे ठाऊक नव्हती. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन जी तजवीज करण्यात आली, तिच्यामागे अशाच तक्रारींचे ओझे होते. त्या दुरुस्तीनुसार जुने गाणे नव्याने गाऊन मुद्रित करावयाचे, तर पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते, हक्कधारकाला आगाऊ सूचना व मानधन द्यावे लागते, आणि मूळ कृतीत तांत्रिक गरजेपलीकडे मनमानी बदल करण्याची मुभा राहत नाही. मूळ मुद्रणाचाच तुकडा वापरावयाचा असेल, तर त्या मुद्रणाच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. कायद्याने आखलेली ही मर्यादा पन्हेरीतल्या मर्यादेसारखीच आहे: डोळा ज्या झाडाचा घेतला, त्या झाडाच्या धन्याला आधी विचारलेले असावे.

जिथे ही मर्यादा पाळून कलम बांधले जाते, तिथे फळ खरोखर गोड लागते. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या वाद्यवृंदाने संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रमच्या साथीत मांडले. शब्द तेच राहिले, आणि कीर्तनाला कधी न बसलेला महाविद्यालयीन श्रोता त्या शब्दांपाशी येऊन थांबला. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ क्लबात, फ्रँकी नकल्स याच्या हाताखाली, एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास जे नृत्यसंगीत घडले, त्याला त्या क्लबावरूनच ‘हाऊस’ हे नाव पडले. त्या संगीताचा डोळा क्रेटेक्स या नावाने वावरणाऱ्या संगीतकाराने मराठी बोलीच्या खुंटावर बांधला, आणि श्रेयस याच्यासह केलेले त्याचे ‘तांबडी चामडी’ हे गाणे २०२४ साली नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने प्रकाशित केले. हे गाणे प्रत्येकाच्या आवडीचे ठरेलच असे नाही. तथापि आपल्या बोलीतील नाद जगाच्या नृत्यशाळेत टिकतो, ही गोष्ट आता अनुमानाची राहिलेली नाही.

व्हिडिओच्या बाबतीत खर्च आणि कल्पकता यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नाही. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ प्रथम दाखवले गेले, तेव्हा भीमसेन जोशी यांच्या स्वरांनी सुरू होऊन एकच चाल भाषेमागून भाषा ओलांडत जाताना देशाने पाहिली. गाण्याचा अर्थ चित्राने वाढवावा म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना तेथे प्रथम उमगले. २०१४ साली मुंबईतील कुर्ल्याच्या नावेद शेख याने, म्हणजे रॅपर नेझीने, ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे चित्रणही त्याच आयपॅडवर आपल्या वस्तीत केले. भाड्याचा बंगला नाही, परदेशी समुद्रकिनारा नाही; गल्ली होती, मित्र होते आणि सांगण्यासारखे काही होते. २०१९ साली मुंबईच्या ‘स्वदेसी’ या समूहाने मुंबईतल्याच आरेच्या जंगलातील पाड्यावर राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, आणि ज्या जंगलासाठी भांडण चालले होते त्या जंगलातल्या माणसाचा आवाजच गाण्याच्या मध्यभागी आला. उत्तम व्हिडिओची माझी कसोटी एवढीच आहे: तो पाहून झाल्यावर नुसते गाणे ऐकताना त्यात पूर्वी न जाणवलेले काही ऐकू आले पाहिजे.

मग असे संगीत शोधावे कसे? मोबाइलमधील यंत्रणा आपल्याला गाणी सुचवते ती आपण आजवर काय ऐकले आणि आपल्यासारखेच ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकले, यांचा ताळा मांडून. तिच्या दप्तरात आपल्या सवयींची नोंद असते, कुतूहलाची नसते. त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणारा श्रोता ओळखीच्याच अंगणात फिरत राहतो. यावर उपाय फार जुना आहे, तो म्हणजे नावांचा माग काढणे. गाणे आवडले की त्याखालची श्रेयनामावली उघडावी. गीतकार, संगीतकार, मिश्रण करणारा, चित्रण करणारा यांपैकी एक नाव उचलून त्याचे दुसरे काम ऐकावे, आणि तेथून तिसऱ्याकडे जावे. रिमिक्स आवडले तर मूळ गाणे त्याच दिवशी, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकावे. अनोळखी गाण्याला निदान दोन वेळा संधी द्यावी, कारण संत्र्याच्या आंबिया बहाराचे फळ मृगात मागून मिळत नाही. कानालाही आपला हंगाम लागतो. आणि ज्या कलावंताने आनंद दिला, त्याचे गाणे ‘बँडकँप’सारख्या ठिकाणी, जेथे किमतीचा बहुतांश भाग त्यालाच मिळतो, विकत मिळत असेल तर विकत घ्यावे; पुण्यामुंबईचा कलावंत अमरावतीला किंवा नागपूरला आला, तर तिकीट काढून ऐकावे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे पहिल्यांदा मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत. मुद्रिका दाबण्याचा कारखाना दूर जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथल्या कामगारांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून ही पद्धत होती. कारखान्याची ती गरज केव्हाच संपली, पण आपली गरज वाढली आहे, कारण आज गाणे क्षणात शंभर गटांत पोहोचते आणि नाव वाटेत कुठेतरी गळून पडते. शेंदूरजनाघाटच्या आणि अवघ्या वऱ्हाडच्या तरुण वाचकांना म्हणून माझी दोन कामांची विनंती आहे. गाणे पुढे पाठवाल तेव्हा लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे नाव सोबत लिहून पाठवा. आणि आपल्या गावच्या भजनी मंडळातील म्हाताऱ्या बुवांची खंजिरी याच महिन्यात, त्यांची अनुमती घेऊन, मोबाइलवर मुद्रित करा. शेवटी त्यांना स्वतःचे नाव, गाव आणि ती तारीख त्यांच्याच तोंडून सांगायला लावा. उद्या कोणी त्यावर नवे कलम बांधील, तेव्हा त्याला खुंट कोणता हे विचारत हिंडावे लागू नये.