स्टेअरिंगला प्ले आलाय, ओढतंय की हलकं पडतंय? उसाच्या हंगामाआधी ट्रॅक्टर असा तपासा

सातारा/सांगली : दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती अशा सगळ्या कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. पावसाळाभर रोटर मारलेला, पाटण-शिराळ्याकडं भाताच्या चिखलात उतरलेला तोच ट्रॅक्टर आता दोन ट्रॉल्या ओढून डांबरी रस्त्यावर येतो. रानात स्टेअरिंगला चार बोटं जास्त प्ले असला तरी फार तर सरी वाकडी जाते. रस्त्यावर समोरून एसटी येत असते.

स्टेअरिंगची तक्रार घेऊन गेलं की पुष्कळ ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, ‘रॉड एंड बदलून टाकू.’ रॉड एंड बदलतात, पैसे जातात आणि आठ दिवसांत परत तेच. कारण प्ले दुसरीकडंच असतो. कधी तर बिघाड स्टेअरिंगमध्ये नसतोच, तो ट्रॉलीच्या ओझ्यात असतो. म्हणून सुटा भाग घ्यायच्या आधी नेमकं कुठं हलतंय ते शोधायचं. त्याला दोन माणसं, एक जॅक, दोन भक्कम लाकडी ओंडके आणि अर्धा तास पुरतो.

सुरुवात टायरपासून करा. पुढच्या दोन टायरात हवा कमी-जास्त असेल तर ट्रॅक्टर कमी हवेच्या बाजूला ओढतो. दोन्हीत कमी असेल तर स्टेअरिंग जड होतं. एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल तरी ओढ लागते. हवा किती पाहिजे ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजानं भरू नका. हे फुकटचं काम आहे, तरी सगळ्यात शेवटी केलं जातं.

आता प्ले. सपाट जागी ट्रॅक्टर उभा करा, पुढची चाकं सरळ ठेवा. स्टेअरिंगचं चाक दोन बोटांनी डावी-उजवीकडं हलवा आणि पुढचं टायर हलायच्या आत चाकाची कड किती फिरते ते मोजा. साधारण एक ते दोन इंच चालतं, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. त्याहून जास्त असेल तर एकानं वर बसून स्टेअरिंग झटक्या-झटक्यानं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली बसून बघायचं. बॉक्समधून बाहेर येणारा आर्म, त्याला जोडलेला रॉड, मग टाय रॉड, मग चाक, या क्रमानं नजर न्या. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला पुढचा भाग उशिरा हलला, की प्ले त्या दोघांच्या मधल्या सांध्यात आहे. सांध्यावर हात ठेवला तर ‘टक’ असा धक्का बोटाला लागतो. डोळ्यापेक्षा हात लवकर सांगतो. फक्त इंजिन बंद आणि हँडब्रेक लावलेला पाहिजे.

वरचं चाक फिरतं पण बॉक्सचा आर्मच उशिरा हलतो, असं दिसलं तर रॉड एंड निर्दोष आहेत, प्ले बॉक्समध्ये आहे. बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो आणि तो आवळायचा मोह सगळ्यांना होतो. जरा थांबा. ट्रॅक्टर जास्त वेळ सरळच चालतो, त्यामुळं आतले दाते मधल्या जागी जास्त झिजतात. मधला प्ले जावा म्हणून स्क्रू दाबून आवळला की पूर्ण वळणावर तेच दाते अडकायला लागतात, वळल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि बॉक्स लवकर संपतो. आधी बॉक्समधलं ऑइल बघा, बॉक्सचे चासीला धरणारे बोल्ट ढिले झालेत का ते बघा. बोल्ट ढिले असले तर अख्खा बॉक्सच हलतो आणि बाहेरून ते आतल्या प्लेसारखंच वाटतं.

पुढची चाकं उचलून बघायची असतील तर मागच्या चाकांना दगड लावा, जॅकनं एक्सल उचला आणि खाली ओंडके द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हब आणि स्टबच्या मध्ये हालचाल दिसली तर बेअरिंग ढिलं आहे. स्टबसकट सगळं हलत असेल तर किंग पिनचा बुश गेला. तेच टायर पुढून-मागून धरून हलवलं तर टाय रॉडचा प्ले कळतो. चिखलात काम केलेल्या ट्रॅक्टरचे बुश जास्त जातात, कारण चिखलाचं पाणी आत शिरतं आणि ग्रीस धुऊन निघतं. ग्रीस गननं जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरायचं. निपलातून ग्रीस आत जातच नसेल तर निपल बदला, तो किरकोळ किमतीचा भाग आहे. चाकं उचललेली असताना स्टेअरिंग फिरवूनही बघा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर टायर, किंग पिन किंवा पुढचं वजन बघायचं. हवेतही जड असेल तर दोष वरच्या बाजूला असू शकतो.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांतल्या छोट्या ट्रॅक्टरांची कथा थोडी वेगळी. ओळीच्या टोकाला दर वेळी पूर्ण वळण घ्यावं लागतं, त्यात मागं ब्लोअर लटकलेला. तिथं टाय रॉडचे सांधे आणि पूर्ण वळणाला अडवणारे स्टॉपर आधी बघा.

पॉवर स्टेअरिंग असेल तर

नव्या बऱ्याच ट्रॅक्टरांत स्टेअरिंगचं चाक आणि पुढची चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडाच नसतो, सगळं काम ऑइलच्या दाबावर चालतं. तिथं प्ले शोधण्याआधी ऑइल बघायचं. पातळी कमी, फिल्टर तुंबलेला किंवा ऑइलला फेस आलेला असेल तर स्टेअरिंग जड होतं, झटके देतं, पंप ओरडतो. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय. स्टेअरिंग पूर्ण वळवून दोन-तीन सेकंद हातानं दाबून धरा. चाक तरीही हळूहळू फिरतच राहिलं तर दाब आतल्या आत गळतोय, सिलिंडरचं सील किंवा स्टेअरिंग युनिट मिस्त्रीला दाखवावं लागेल. यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवू नका, ऑइल तापतं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाईप कुठं गळतोय ते इंजिन चालू असताना हात फिरवून शोधू नका. दाबाचं बारीक ऑइल कातडीतून आत शिरतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि पुढं बोट कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, ऑइल त्यावर उमटतं.

ट्रॉली जोडल्यावरच हलकं पडतं?

मळीच्या रानातून भरलेली ट्रॉली रस्त्याला चढवताना पुढची चाकं उचलल्यासारखी होतात आणि स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो, हा अनुभव बहुतेक ड्रायव्हरांना आहे. रिकाम्या ट्रॅक्टरला काहीच होत नसेल तर स्टेअरिंग खोलू नका. मागं ओढ जितकी जास्त आणि हूक जितका उंच, तितकं पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. चढावर आणखी कमी. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान पाचव्या हिश्शाएवढा भार पुढच्या एक्सलवर राहिला पाहिजे, असा साधारण हिशेब आहे. त्याच्या खाली गेलं तर टायर जमिनीला टेकलेलं दिसतं पण वळवत नाही. उपाय म्हणजे हूक खालच्या भोकात घेणं, पुढं कंपनीची वजनं लावणं आणि मोळ्या कमी भरणं. तिसरा उपाय कुणाला आवडत नाही, खेपेचा हिशेब बिघडतो. पण कुठलाही सुटा भाग घातला तरी त्याची जागा भरून निघत नाही.

अशा वेळी काही ड्रायव्हर एका बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळवतात. रानात ते ठीक. रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक पेडल खटक्यानं जोडलेलीच पाहिजेत, वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर पलटी होऊ शकतो. पेडलं जोडलेली असूनही फक्त ब्रेक मारल्यावरच एका बाजूला ओढत असेल, तर दोष स्टेअरिंगचा नाही. डावा-उजवा ब्रेक सारखा लागत नाही, तो सेट करून घ्या.

दूध-भाजीच्या पिकअप आणि जीपवाल्यांनाही हीच तपासणी लागू पडते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 98 मध्ये मोटार वाहनाच्या स्टेअरिंगच्या चाकाचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, असं आहे. 40 सेंटिमीटर रुंदीच्या चाकावर 30 अंश म्हणजे कडेला चार इंच. ही कायद्याची शेवटची हद्द झाली, तिथवर वाट बघायची गरज नाही. फाटलेली रबरी टोपी दिसली तर लगेच बदला, आत धूळ आणि पाणी गेलं की बॉल जॉइंट फार दिवस टिकत नाही.

वाकलेला टाय रॉड ठोकून सरळ करणं किंवा तुटलेल्या रॉड एंडला वेल्डिंग मारणं हे मात्र कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. वेल्डिंगशेजारचं लोखंड कडक होऊन ठिसूळ बनतं आणि न वाकता एकदम तुटतं. नवा भाग टाकल्यावर नटाला स्प्लिट पिन घातली का ते स्वतः वाकून बघा. जुनी पिन सरळ करून परत वापरू नका. टाय रॉड बदलला असेल तर चाकांचं अलाइनमेंटही तिथंच करून घ्या. दोन्ही पुढच्या टायरांमधलं अंतर पुढच्या बाजूनं आणि मागच्या बाजूनं, एक्सलच्या उंचीवर, टेपनं मोजा. पुढचं अंतर काही मिलिमीटर कमी पाहिजे, किती ते पुस्तिकेत आहे. हे न करता तसाच पळवला तर पुढचे नवे टायर एकाच कडेनं घासून जातात.