कॅरेल यांचा ‘अमर’ तुकडा

गैरसमज: भ्रूणाच्या पेशी प्रयोगशाळेत ठेवल्या की त्या कायम वाढत राहतात.

या समजाचं मूळ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आहे. जानेवारी १९१२ मध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा बारीकसा तुकडा काचपात्रात वाढवायला ठेवला. वर्तमानपत्रं पुढे त्याचे वाढदिवस छापू लागली. १९३७ च्या एका अमेरिकी रेडिओनाट्यात तर असंच एक कोंबडीचं हृदय वाढत वाढत जग गिळतं!

पात्रात अख्खं हृदय कधीच नव्हतं. तुकड्याची धडधडही थांबली. वाढत राहिल्या त्या साध्या संयोजी ऊतीच्या पेशी. कॅरेल १९४४ मध्ये वारले, तुकडा १९४६ पर्यंत ‘जगला’. मग १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं, की मानवी भ्रूणाच्या सामान्य पेशी साधारण पन्नासदा विभागतात आणि थांबतात. मग कॅरेल यांचं काय? त्यांच्या पेशींना खाद्य म्हणून भ्रूणाचाच अर्क दिला जाई. त्यातून ताज्या जिवंत पेशी आत जात असाव्यात, हा हेफ्लिक यांचा संशय मला पटतो. कारण हा प्रयोग पुन्हा कुणाला साधला नाही. कर्कपेशी आणि भ्रूणाच्या मूळपेशी मात्र खरोखर दीर्घकाळ विभागत राहतात.

गैरसमज: टेस्ट ट्यूब बेबी नळीत वाढतं.

फलन होतं ते बहुधा चपट्या बशीत. भ्रूण तिथे तीन ते पाच दिवस राहतो, नंतरचे महिने आईच्या गर्भाशयातच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांनी १९८६ मध्ये जन्मलेली मुलगीही तशीच वाढली.

गैरसमज: शास्त्रज्ञ हवं तितके दिवस मानवी भ्रूण वाढवतात.

२०१६ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी तेराव्या दिवसाच्या आसपास मजल मारली आणि प्रयोग थांबवले. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर आदिरेषा उमटते, म्हणजे शरीराची दिशा ठरू लागते. म्हणून अनेक देशांत मर्यादा तिथे. भारतात आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वंही हीच मर्यादा सांगतात.

गैरसमज: या अभ्यासाला मानवी भ्रूणच लागतात.

पुणे विद्यापीठात लीला मुळहेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणांवरच काम उभं केलं. अशा अभ्यासासाठीच्या, डेनिस न्यू यांच्या १९५५ च्या पद्धतीत कोंबडीचा कोवळा भ्रूण पिवळ्या बलकावरच्या पडद्यासकट काढून, तो पडदा काचेच्या कड्यावर ताणून बसवतात. मग हृदय धडधडू लागताना भिंगाखाली थेट दिसतं. फक्त किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत. ती सहसा फलित नसतात.