सिनेगॉगची वही कॉम्प्युटरवर घ्यायचीय? सॉफ्टवेअर घेण्याआधी तिथी तपासा

अलिबाग : रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ सालचं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं आणि पेणचं १८६३ चं. रायगडच्या गावोगावी तेलघाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे, त्या बेने इस्रायल समाजाची ही प्रार्थनाघरं. पेणकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं आजही कुठल्या गावचे ते सांगतात. पण माणसं पांगली. आधी मुंबईला गेली, मग १९४८ नंतर बरीचशी इस्रायलला. मागे राहिली थोडी घरं, सिनेगॉगची इमारत, गावाबाहेरची दफनभूमी आणि कपाटातली वही.

ती वही कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर घ्यायची म्हटली की प्रश्न येतो, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं? अमेरिकेत खास सिनेगॉगसाठी केलेली सॉफ्टवेअर मिळतात. शूलक्लाउड हे त्यातलं एक माहितीचं नाव. सभासदांची यादी, वर्गणी, देणग्या, पुण्यतिथ्या, सणांचं कॅलेंडर आणि वेबसाइट अशी सगळी सोय अशा ठिकाणी एकत्र असते. मात्र ती तिकडच्या सिनेगॉगचा विचार करून केलेली असतात. शेकडो घरांच्या सिनेगॉगला जे लागतं, ते पंधरा-वीस घरांच्या सिनेगॉगला लागेलच असं नाही. म्हणून विकणाऱ्याने दाखवलेल्या यादीवर न जाता आपल्याला काय लागतं, हे आधी लिहून काढावं.

पहिली कसोटी तिथीची

देवळाच्या किंवा सोसायटीच्या सॉफ्टवेअरवर सिनेगॉगचं काम का भागत नाही, याचं मुख्य कारण कॅलेंडर. ज्यू पंचांग आपल्या पंचांगासारखंच चंद्रावर चालतं आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यातही अधिक महिना येतो. १९ वर्षांत ७ वेळा येतो. फरक इतकाच, की आपला अधिक महिना दरवेळी बदलतो, त्यांचा मात्र कायम अदार महिन्यालाच जोडून येतो. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता. ज्यू पंचांगातला अधिक अदार आला २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे मराठी पंचांगाचं अॅप इथे उपयोगाचं नाही.

दुसरी गोष्ट दिवसाची. ज्यू पंचांगात दिवस सूर्यास्ताला बदलतो. समजा, एखादी व्यक्ती १५ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी वारली. त्या दिवशी आव महिन्याची ११ तारीख होती. तेच दिवेलागण होऊन अंधार पडल्यावर घडलं असतं, तर १२ तारीख धरली जाते. इंग्रजी तारीख एकच, पण पुण्यतिथी दोन वेगळ्या दिवशी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मृत्यूच्या तारखेसोबत 'सूर्यास्तानंतर का?' असा रकाना हवाच. तो नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

आव ११ ही तिथी २०२५ साली ५ ऑगस्टला आली, २०२६ साली २५ जुलैला येते आणि २०२७ साली १४ ऑगस्टला. तीही आदल्या दिवशीच्या संध्याकाळपासून लागते. कुठलंही सॉफ्टवेअर दाखवायला माणूस आला, की हेच उदाहरण घालून बघावं. उत्तर जुळलं तर पुढची बोलणी करावी.

अधिक महिन्याचा पेच आणखी एक. साध्या वर्षाच्या अदारमध्ये वारलेल्याची पुण्यतिथी अधिक वर्षात पहिल्या अदारमध्ये धरायची की दुसऱ्या? याबाबत युरोपकडच्या अश्केनाझी ज्यूंची रीत वेगळी आणि सेफार्दी रीत वेगळी. बेने इस्रायलांची प्रार्थना सेफार्दी पद्धतीची. सॉफ्टवेअरने स्वतःच एक रीत धरली असेल आणि ती बदलता येत नसेल, तर पंचाईत होते. पुढचं अधिक वर्ष २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. आपली रीत कुठली, हे प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानला किंवा जाणत्या माणसाला विचारून कागदावर लिहून घ्यावं आणि मग तसं सेटिंग करावं.

यातली गंमत म्हणजे सॉफ्टवेअरच्या मेनूत पुण्यतिथीला 'यार्टझाइट' लिहिलेलं असतं. तो युरोपातल्या ज्यूंचा शब्द. आपल्याकडे मृताच्या नावाने म्हणायच्या प्रार्थनेला 'हशकाबा' म्हणतात. शब्द वेगळा दिसला म्हणून गोंधळू नये.

ठिकाण आणि सण

सेटिंगमध्ये ठिकाण मुंबई किंवा अलिबाग करून घ्यावं. न्यूयॉर्क नाहीतर जेरुसलेम राहिलं, तर शुक्रवारी दिवे लावायची वेळ चुकते. तसंच 'इस्रायलमध्ये' की 'इस्रायलबाहेर' हेही निवडावं लागतं. वल्हांडणाचा सण इस्रायलमध्ये ७ दिवस पाळतात, बाहेर ८ दिवस. एक खूण चुकली तर एक दिवस गाळला जातो.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर संपतो. शब्बाथ पाळणारे त्या वेळात लिहीत नाहीत, पैसे हाताळत नाहीत, फोन वापरत नाहीत. म्हणून 'सिनेगॉगच्या दारात मोबाइलवर हजेरी' ही सोय शनिवारी कामाची नाही. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने १० प्रौढ पुरुष लागतात. घरं कमी असतील तर ते जमणार का, हे आधीच कळायला हवं. तेव्हा 'शनिवारी कोण कोण येणार' हा मेसेज गुरुवारीच जाईल आणि शनिवारी वर्गणीचा तगादा आपोआप जाणार नाही, अशी सोय असावी.

पैशाचा हिशोब इथल्या कायद्याचा

परदेशी सॉफ्टवेअर तिथी बरोबर दाखवेल, पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याचा उपयोग किती, हा वेगळा प्रश्न. महाराष्ट्रातल्या ट्रस्टला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू असतो. हिशोब ३१ मार्चला बंद करून ऑडिट करावं लागतं. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पावती रुपयात हवी, नंबर ओळीने हवेत, यूपीआयने आलेली रक्कम वेगळी दिसायला हवी. आयकर सवलतीची पावती द्यायची असेल तर पॅनसाठी रकाना हवा.

सगळ्यात जपून राहायचं ते परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत. इस्रायलला गेलेले नातेवाईक सिनेगॉगच्या डागडुजीला प्रेमाने पैसे पाठवतात. पण इस्रायलचं नागरिकत्व घेतलेला माणूस कायद्याने परदेशी देणगीदार ठरतो, मग त्याचा जन्म पेणचा असला तरी. त्याच्याकडून देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा आधी परवानगी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरवून दिलेल्या खात्यातच घ्यावे लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलं, तर ते यात धरत नाहीत. म्हणून देणगीदाराच्या नोंदीत 'देश' एवढाच रकाना पुरत नाही, 'नागरिकत्व' हवं. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी सीएला एकदा दाखवावं. हिशोब टॅलीत आणि पुण्यतिथी वेगळीकडे असं ठेवलं तरी बिघडत नाही.

कबरीची नोंद

इथल्या सिनेगॉगला अमेरिकेपेक्षा जास्त गरज या नोंदीची आहे. इस्रायलहून नातवंडं येतात आणि आजोबांची कबर विचारतात. दगडावर हिब्रू आणि मराठी अक्षरं असतात, पण पावसाने ती झिजलेली असतात. कुठली कबर कोणाची, हे गावातल्या एखाद्या वयस्कर माणसालाच ठाऊक असतं. तो माणूस गेला की ती माहितीही गेली.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कबरीचा फोटो, जागेचा नंबर, नाव, वडिलांचं नाव आणि तिथी टाकता यायला हवी. नाव मराठीत, इंग्रजीत आणि हिब्रूत अशा तिन्ही लिपींत दिसायला हवं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, ती अक्षरं उलटसुलट होत नाहीत ना, हे बघावं. इंग्रजीत एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं, त्यामुळे शोध मराठीतूनही लागायला हवा. जुनी यादी डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये करून घ्यावी. नाहीतर नव्या सॉफ्टवेअरमध्ये नावांऐवजी चिन्हं दिसतात.

यादी कोणाच्या हातात?

नाव, पत्ता, फोन, प्रार्थनेची वेळ ही माहिती उघड्यावर टाकायची नसते. २००८ च्या नोव्हेंबरमधल्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रालाही लक्ष्य केलं होतं, हे विसरून चालणार नाही. सभासदांची यादी कोणालाही उघडेल अशा लिंकवर ठेवू नये, मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा भरही माणसाची संमती घेण्यावर आहे.

खातं ट्रस्टच्या ईमेलवर उघडावं, कोणा मुलाच्या खासगी ईमेलवर नको. पासवर्ड किमान दोन विश्वस्तांकडे असावा. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा : उद्या आम्ही बंद केलं तर सगळी माहिती एक्सेल फाइलमध्ये काढून मिळेल का? उत्तर 'नाही' आलं तर ते सॉफ्टवेअर फुकट असलं तरी घेऊ नये.

कमी घरं असतील तर

पंधरा-वीस घरांना महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. हेबकॅल नावाची वेबसाइट ज्यू तारखा, सणवार, शब्बाथच्या वेळा आणि येणाऱ्या वर्षांच्या पुण्यतिथ्या फुकटात काढून देते. त्याला जोड म्हणून सभासद, देणग्या आणि कबरी अशा तीन पानांची एक्सेल शीट केली तरी बरंच काम होतं. घरं जास्त असतील, वर्गणीची बिलं दर महिन्याला काढावी लागत असतील, तर मग पैशाचं सॉफ्टवेअर बघावं. तेही वर्षाचे पैसे एकदम न भरता, आधी दहा घरांची आणि वीस कबरींची माहिती घालून महिनाभर वापरावं. किंमत डॉलरमध्ये असेल तर पुढच्या वर्षी किती होईल, तेही विचारून घ्यावं.

गावच्या देवस्थानालाही यातलं बरंच लागू पडतं. पावती, पासवर्ड, माहिती परत मिळणं, हे सगळीकडे सारखंच. तिथीचा भाग तेवढा सिनेगॉगचा स्वतःचा.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, वहीतलं आणि माणसांच्या आठवणीतलं त्यात उतरवायचं काम हातानेच करावं लागतं. ते सॉफ्टवेअर ठरायची वाट न बघता आजही सुरू करता येतं. पावसाळा सरला, गवत कापलं, की दफनभूमीत जाणत्या माणसाला सोबत घेऊन मोबाइलवर एकेका दगडाचा फोटो काढावा आणि तो सांगेल ते नाव तिथेच लिहून घ्यावं. फक्त शनिवार सोडून.